शेड

घणसोलीच्या गावठाणातून पदाजी मढवी आले
प्लास्टिकच्या पिशवीत तसबीर घेऊन,
वाळक्या हाराचा दोरा अजून तिला लोंबत होता.
काचेआड चांगुणाबाई : गुलाबी, गोऱ्यापान,
ठाण्याच्या कुठल्याशा स्टुडिओने
बाराव्याच्या घाईत उजळून दिलेल्या.
"ही माजी बायको नाय," ते म्हणाले.
"नाक तिचा हाय. रंग कोनाचा, माईत नाय."

रंगाने कशा होत्या, मी विचारलं.
वाटलं, म्हणतील सावळी, निमगोरी, चारचौघींसारखी.
ते चष्मा पुसत राहिले.
मग सांगितलं, तुर्भ्याला डायच्या कंपनीत
एकतीस वर्षं शेड मॅचिंगला होतो.
चिंधी नमुन्याशेजारी धरायची
उत्तरेच्या खिडकीत, डोळे बारीक करून,
आणि बोलायचं : लाल जास्त झाला, परत काढा.
यंत्र आलं तरी साहेब आधी मलाच विचारायचे.
"पन तिच्या गालाला
कदी चिंधी लावून बगितली नाय."

ऐरोलीत माझी खोली, तिसरा मजला,
खिडकी उत्तरेला, पलीकडे खाडी.
खिडकीवर जुन्या धोतराचं पान टांगते मी.
उजेड त्यातून गाळून येतो,
गालावर सावली कुठे सुरू झाली
ते बोट ठेवून सांगता येत नाही.
भर उजेडात कातडी आभाळाची असते,
सावलीत शेजारच्या भिंतीची, साडीची;
ज्याची त्याची म्हणावी अशी
मधल्या बोटभर पट्टीत फक्त.
दुकानात 'स्किन' लिहिलेली ट्यूब मिळते.
त्या रंगाचं माणूस मी
रबाळ्यापासून बेलापूरपर्यंत पाहिलेलं नाही.

तिसऱ्या खेपेला ते दर्शनाला घेऊन आले.
लेक. आईवर गेलेली, असं सगळे म्हणतात.
तिला खिडकीशी बसवलं.
ती मोबाइल बघत होती, हनुवटी खाली.
पदाजींनी मान तिरकी करून पाहिलं :
"शेड तीच. दोन धुन्यांनी फिकी."

मी हिरवट अस्तर दिलं, ते दचकले.
आजारी दिसते म्हणाले.
थांबा जरा, म्हटलं.
गेरू, पिवळी माती, कणभर निळा,
ओल्यावर ओलं, कडा बोटाने पुसत
चढवत गेले, तसा हिरवा आत गेला,
गळ्याच्या शिरेत तेवढा उरला.
दर्शनाने मोबाइल खाली ठेवला.
"आई," ती म्हणाली, आणि लगेच
पाणी प्यायला उठून गेली.

मला वाटलं, झालं.

पदाजी म्हणाले, "कपालावर रेग व्हती."
कसली?
"पदराची. मिठागरावं जायची ना ती, लग्नाआदीपासून.
पदर हितवर. खाली उनाची,
वर घरची.
ती वरची शेड कोनी बगितली नाय."

मी पॅलेट त्यांच्यापुढे धरलं.
त्यांनी सुरी घेतली नाही, अंगठाच घातला.
अंबर, पांढरा, पुन्हा अंबर,
गेरूला नुसता स्पर्श.
अंगठा खिडकीत धरला,
डोळे बारीक केले.
"परत काढा," म्हणाले,
स्वतःलाच.
पुसला. पुन्हा मळला.
चार वेळा, पाच वेळा,
खाडीवरचा उजेड उतरायला लागला होता
आणि उतरत्या उजेडात शेड बघायची नसते
हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

सहाव्या वेळी काहीच बोलले नाहीत.
कपाळावर, केसांच्या अलीकडे,
तो अंगठा टेकवला.
मी कडा मऊ केली नाही.

वाळायला पंधरा दिवस, मी सांगितलं.
ते हो म्हणाले. हात पुसायला दिलेली चिंधी
घडी घालून खिशात ठेवली,
वरच्या खिशात, पेनाच्या मागे,
आणि जिना उतरले.

तसबीर इथेच विसरली आहे.